राग आवरणे शिकवता येते

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. मोबाइल ठेवायला सांगितले की तो दार आपटतो, वस्तू फेकतो आणि थोड्या वेळाने स्वतःच खजील होतो. कडक शिक्षा करावी का?
– एक आई

उत्तर : नंतर खजील होणाऱ्या मुलाला चूक कळते, त्या क्षणी स्वतःला थांबवण्याचे कौशल्य मात्र त्याच्या अंगी अजून पुरते आलेले नाही. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत विकसित होत राहतो, त्यामुळे कडक शिक्षेने फार तर धाक बसेल. तो शांत असताना त्याच्याच तोंडून एक नेमके वाक्य ठरवून घ्या : ‘आईने मोबाइल मागितला आणि राग आला, तर मी तो टेबलावर ठेवून गच्चीवर जाईन.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात मांडलेली ही ‘जर-तर’ योजना ‘मी चिडणार नाही’ अशा मोघम निश्चयापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण काय करायचे हे ऐनवेळी ठरवावे लागत नाही. झोपेकडेही पाहा, या वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि क्लासच्या धावपळीत नेमकी तीच कापली जाते. मोडलेल्या वस्तूची भरपाई त्याच्या खाऊच्या पैशांतून जरूर घ्यावी, व्याख्यान मात्र देऊ नये. तो स्वतःला किंवा इतरांना इजा करू लागला, तर समुपदेशकाकडे जाण्यास विलंब करू नका.