मैत्रीण, प्रार्थना आणि शेवटचं प्रकरण

गेल्या अंकात मी विचारलं होतं, की ख्रिस्ती श्रद्धेभोवती फिरणाऱ्या, बायकांच्या मैत्रीवरच्या कादंबऱ्या तुम्ही वाचता का आणि त्या तुम्हाला कशा वाटतात. पत्रं आली ती दोन टोकांची. 'डोळे पुसत पुसत वाचलं' असं म्हणणारी एक फळी आणि 'अर्ध्यावर मिटून ठेवलं' म्हणणारी दुसरी. त्यातली काही पत्रं इथे घेते, प्रत्येकाखाली माझं उत्तर. नाव छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय, म्हणून कोणाचंच छापत नाही.

ताई, आमच्या वाचनगटात अशीच एक कादंबरी घेतली होती. तीन मैत्रिणी. एकीचा घटस्फोट झालेला, एकीला मूल होत नाही, आणि तिसरी कायम प्रार्थना करणारी, शांत, समंजस. शेवटच्या प्रकरणात तिघीही गुडघे टेकून बसतात आणि सगळ्यांचं सगळं मार्गी लागतं. आमच्यातल्या निम्म्या जणी रडल्या. बाकीच्या म्हणाल्या, हे प्रवचन आहे, कादंबरी नव्हे. आमची चांगलीच जुंपली. कोण बरोबर?

रडणाऱ्यांना रडू द्या, त्यांचं काही चुकलेलं नाही. पण प्रवचन म्हणणाऱ्यांनी नेम धरला तो भलत्याच ठिकाणी. श्रद्धेवरच्या कादंबरीत माणसं श्रद्धेबद्दल बोलणारच. खोट आहे ती त्या तिसरीत. पेन्सिल घ्या आणि प्रार्थना व सल्ला सोडून तिनं पुस्तकभर काय केलं, तेवढ्यावर खुणा करा. ती कधी चिडली? तिला कुणाचा हेवा वाटला? तिला स्वतःसाठी काही हवं होतं? पानंच्या पानं कोरी राहिली तर समजा, की लेखिकेनं मैत्रीण लिहिलीच नाही, दोघींच्या सोयीसाठी एक पाळकीणबाई, म्हणजे चर्चची धर्मोपदेशिका, नेमली.

याची उलट बाजू बघायची तर बायबलमधलंच रूथचं पुस्तक काढा. अवघे चार अध्याय, पंच्याऐंशी वचनं. त्यात देवदूत येत नाही, आकाशवाणी होत नाही, चमत्कार नाही. 'तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव' हे रूथचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मला त्याच्या पुढचं जास्त आवडतं. नामी आणि रूथ, दोघी विधवा सासू-सून, मवाब देशातून बेथलेहेमला पोचतात, गाव गोळा होतं, आणि नामी सगळ्यांदेखत कडवटपणे सांगते, की मी भरल्या हातांनी गेले होते, परमेश्वरानं मला रिती परत आणली. रिती! मवाबाहून तिच्यासोबत चालत आलेली रूथ तिथेच उभी आहे. यावर रूथ काय म्हणाली? पुस्तकात एक शब्द नाही. ती नामीला समजावत नाही, तिच्या श्रद्धेची शाळा घेत नाही. ती शेतात सरवा वेचायला जाते आणि संध्याकाळी एफाभर, म्हणजे अंदाजे २२ लिटर, सातू घेऊन येते. शिवाय दुपारी पोटभर जेवून उरलेलं जपून आणलेलं असतं, तेही काढून सासूपुढे ठेवते. ते पाहिल्यावर नामीच्या तोंडून परमेश्वराच्या दयेची गोष्ट निघते. पुढे गावच्या बायका तिला सांगतात, की ही सून तुला सात मुलांपेक्षा जास्त आहे.

तुमच्या कादंबरीतल्या तिसरीनं एकदा तरी असं काही आणून दिलं होतं का, ते गटात विचारून बघा. भांडण पुढच्या पातळीवर जाईल.

या कादंबऱ्यांत दर वेळी मैत्रीणच का मरते?

कारण तिच्या मरणातून नायिकेला शहाणपण येतं आणि तेही फुकट. पण सगळीकडे एकच माप लावू नका. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) जेनची शाळेतली मैत्रीण हेलन बर्न्स क्षयानं जाते. रात्री जेन चोरपावलांनी तिच्या बिछान्यात शिरते. हेलन देवाकडे जातेय याची तिला स्वतःला खात्री आहे. जेन मात्र तिला घट्ट मिठी मारून मनात विचारते, की ती जागा कुठे आहे, मुळात आहे का? सकाळी जेन झोपलेली सापडते आणि हेलन गेलेली. जेनच्या प्रश्नाला ब्राँटेबाई तिथे उत्तर चिकटवत नाहीत. क्षमा करावी हे हेलनचं सांगणं तेव्हा जेनला पटलेलंही नसतं. कित्येक वर्षांनी, छळ करणारी मामी मरणाच्या दारात असताना, जेन तिला माफ करते, आणि त्या बिछान्याशी बसल्यावर तिला हेलनच आठवते.

कॅथरीन मार्शलच्या 'ख्रिस्टी'त (१९६७) नायिका ख्रिस्टीची डोंगरातली मैत्रीण फेअरलाइट विषमज्वरानं जाते. तिला ख्रिस्टीनं वाचायला शिकवलेलं असतं. ती गेल्यावर ख्रिस्टी चक्क देवावर संतापते. अमेरिकेत ख्रिस्ती कादंबऱ्यांना दिला जाणारा मोठा पुरस्कार याच पुस्तकाच्या नावानं आहे. त्या पुरस्कारासाठी धावणाऱ्यांनी तो संतापही सोबत घेतला असता तर बरं झालं असतं.

मी ख्रिस्ती नाही. माणसं चांगली, वातावरण शांत, शिव्या नाहीत, म्हणून मला ही पुस्तकं आवडतात. पण मध्येच असं वाटतं की कुणीतरी माझा हात धरून मला ओढत नेतंय. मी वाचावं का?

वाचा की. फक्त हे लेखन कुठून आलं ते माहीत असू द्या, म्हणजे ओढ कमी जाणवेल. जॅनेट ओक या कॅनडाच्या लेखिकेची पहिली कादंबरी १९७९ साली बेथनी हाउस या ख्रिस्ती प्रकाशनानं काढली. गवताळ माळरान, विधवा झालेली तरुणी, सोयीपोटी केलेलं लग्न. ती तुफान चालली आणि ख्रिस्ती दुकानांत कादंबरीचं कपाट तयार झालं. बेव्हर्ली लुईसच्या १९९७ मधल्या कादंबरीनंतर आमिश, म्हणजे जुन्या साध्या रीतीनं राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातल्या, बायकांच्या गोष्टींची लाट आली. या कपाटाचे नियम कडक: शिव्या नकोत, शय्यागृहाचं दार बंद, आणि नायिकेचा देवाशी असलेला हिशेब शेवटापर्यंत मिटलेला हवा. म्हणजे लेखिका बोलतेय ती तिच्याच मंडळीतल्या बायकांशी. तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसून ऐकताय. हात धरला गेल्यासारखं वाटतं, कारण त्या खुर्चीत कुणी परकं बसलंय हे बोलणारीच्या गावीही नसतं.

तुमच्यासारख्या वाचकानं त्या गोष्टीतली विश्वास नसलेली मैत्रीण शोधावी. प्रत्येक पुस्तकात एक असते. तिला विनोद करता येतो का? ती कधी बरोबर ठरते का? की तिचा नवरा, नोकरी, झोप, सगळं केवळ प्रार्थना न केल्यामुळे बिघडलंय? तसं असेल तर ते पुस्तक माझ्या कपाटातही राहत नाही, आणि मी रविवारची उपासना चुकवत नाही.

माझी बायको ही पुस्तकं वाचते म्हणून मीही दोन वाचली. त्यातले पुरुष एक तर देखणे सुतार नाहीतर समजूतदार पाळक. आम्हाला इतकं सपाट का करता?

साहेब, थोडी परतफेड समजा. जॉन बन्यनच्या 'यात्रेकरू' (इंग्रजीत 'द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस') या पुस्तकाचा पहिला भाग १६७८चा. त्यातला नायक बायकामुलांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानात बोटं घालून पळत सुटतो, तारण मिळवायला. बन्यनला सहा वर्षांनी, १६८४ साली, दुसरा भाग लिहून त्याच्या बायकोला, ख्रिश्चियानाला, वाटेला लावावं लागलं. आणि ती एकटी जात नाही. चार मुलं आणि शेजारची तरुण मर्सी सोबत असते. मर्सीला रीतसर बोलावणं आलेलं नसतं. ख्रिश्चियाना तारणाच्या वाटेवरच्या दारातून आत जाते, मर्सी बाहेरच राहते. धीर सुटून ती दार जोरजोरात वाजवते आणि घेरी येऊन पडते. आत ख्रिश्चियाना तिच्यासाठी रदबदली करत असते. नवऱ्याच्या अख्ख्या प्रवासात मला इतकं हलवणारं काही नाही.

तिथे सपाट पुरुषही आहे, मिस्टर ब्रिस्क. तो मर्सीवर भाळतो, पण ती दिवसभर शिवते ते गोरगरिबांना फुकट वाटायला, हे कळल्यावर काढता पाय घेतो. देखणा सुतार परवडला म्हणाल!

मराठीत असं काही आहे का?

आहे, आणि फार आधीपासून. बन्यनचं पुस्तक हरि केशवजींनी 'यात्रिक क्रमण' म्हणून १८४१ साली मराठीत आणलं. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७चं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अनेक जण तिचंच नाव घेतात. यमुनेच्या मनात ख्रिस्ती विचार रुजलेला आहे आणि तिच्या प्रवासात विधवांच्या कहाण्या एकामागून एक समोर येतात. हेतू कळकळीचा. पण त्या बायका आपलं दुःख सांगतात आणि पानाआड होतात. मैत्री व्हायला दोघींना पुन्हा भेटावं लागतं, तेवढी सवड पदमनजींना नव्हती.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. तरी मी तेच वाचायला सुचवते. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला, त्या १९०० साली झाल्या. मधल्या वर्षांत त्यांनी जो राग, जी थट्टा, जो विचार केला तो सगळा तिथे आहे. कुणी समजावलं म्हणून त्या बदलल्या असं कुठेच वाटत नाही. श्रद्धेवर कादंबरी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकीनं आधी हे वाचावं.

तुमचा चष्मा फार साहित्यिक आहे, ताई. माझी केमो चालू होती तेव्हा मला ब्राँटे झेपली नसती. हीच पुस्तकं लागली, ज्यांचा शेवट गोड होणार हे पहिल्या पानावर कळतं ती. माझी मैत्रीण वाचून दाखवायची. ती स्वतः देव मानत नाही, चर्चमध्ये माझ्या लग्नाला आली तेवढीच. पण प्रार्थनेची पानं तिनं कधी गाळली नाहीत. मध्येच तिला हसू यायचं, तरी थांबून पुन्हा नीट वाचायची. या पुस्तकांना कमी लेखू नका.

कमी लेखत नाही. उद्याचा रिपोर्ट काय येईल ठाऊक नसताना, निदान गोष्टीचा शेवट ठाऊक असावा असं वाटणं मला पूर्ण समजतं. पुस्तकानं तुम्हाला रात्र काढू दिली, त्याचं काम झालं. त्यावर मी कोण बोलणार?

पण तुमच्या पत्रातली ती बाई मला या कपाटातल्या एकाही कादंबरीत भेटलेली नाही. कादंबरीत ती असती तर पंधराव्या प्रकरणात वाचता वाचता तिचा कंठ दाटला असता, विसाव्यात तिनं हळूच बायबल उघडलं असतं, आणि तुमच्या बरं होण्याचं श्रेय तिच्या पश्चात्तापाला मिळालं असतं. प्रत्यक्षात ती हसू दाबून दुसरीची प्रार्थना शब्द न् शब्द वाचत राहिली आणि घरी गेली तेव्हा आली होती तशीच होती. माझं भांडण त्या लेखिकांशी आहे, तुमच्याशी नाही. त्यांना ही बाई दिसत का नाही? त्यांच्या ओळखीत ती नक्की असणार.

मी स्वतः अशी कादंबरी लिहितेय. दोन मैत्रिणी, एक श्रद्धाळू, एक नाही. प्रार्थनेचा प्रसंग लिहायला घेतला की भाषा फुगते. काय करू?

प्रार्थना पूर्ण लिहू नका. माणसं प्रार्थना करताना अडखळतात, मध्येच भाजी करपल्याचा वास येतो, आधी म्हटलेलंच पुन्हा म्हणतात. तेवढं लिहा. 'हे परमप्रिय स्वर्गीय पित्या' हे पहिल्यांदा चालेल, तिसऱ्यांदा कापा. प्रार्थनेनंतर लगेच फोन वाजून चांगली बातमी येत असेल, तर तो फोन पुढच्या आठवड्यात ढकला किंवा बातमी अर्धीच चांगली करा.

श्रद्धाळू मैत्रिणीला एक तरी क्षुद्र गोष्ट द्या. दुसरीला बढती मिळाल्यावर तिनं अभिनंदनाला दोन दिवस उशीर करावा, आणि त्या दोन दिवसांत प्रार्थनाही नीट होऊ नये. दुसरीला स्वतःचं काहीतरी काम द्या, ज्याचा पहिलीच्या देवाशी काही संबंध नाही: घर बदलणं, आईचं आजारपण, कोर्टाची तारीख. पहिलीनं साक्ष द्यायचा, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगायचा, प्रयत्न केला तर दुसरीला 'आज नको' म्हणता आलं पाहिजे, आणि त्यानंतरही दोघींचा चहा व्हायला हवा.

शेवट ठरवून ठेवलाय का ते पत्रात लिहिलं नाहीत. ठरवला असेल तर दुसरीच्या बाजूनं एकदा सगळी गोष्ट लिहून बघा, छापायला नव्हे, स्वतःसाठी. त्यात तिला तो शेवट मान्य नसेल तर मुख्य मसुद्यातलं शेवटचं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल. पहिली तीन प्रकरणं पाठवलीत तर वाचेन. सुवाच्य टाईप केलेली, आणि प्रस्तावनेशिवाय.