हात फिरवला की खरखर का लागते? क्ले बारबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गाडी दर रविवारी शांपूने धुतो. दिसायला चकाचक, पण बोनेटवरून हात फिरवला की बारीक रवाळ लागतं. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, ‘क्ले मारून घ्या’. हे क्ले म्हणजे काय आणि ते खरंच लागतं का? – जुळे सोलापूर

नावात क्ले असलं तरी ही माती नव्हे. पॉलिब्युटीनसारखं चिवट रेझिन आणि अतिशय बारीक घासणारी पूड एकत्र मळून केलेला हा गोळा असतो. जपानमध्ये तादाओ कोदाते यांनी तो विकसित केला आणि १९९५ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. त्या पेटंटात त्याचं वर्णन घासण्याचा लवचिक दगड असंच आहे. हे लक्षात ठेवलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात, कारण क्ले हे साबणासारखं धुण्याचं साधन नाही, ते घासण्याचं साधन आहे.

रंगाच्या पृष्ठभागाच्या वर जे काही डोकं काढून चिकटलेलं असतं, तेवढंच क्ले ओढून किंवा कापून काढतो. लोखंडाचे कण, शेजारच्या गेटला स्प्रे मारताना उडालेला रंग, डांबराचे बारीक शिंतोडे, झाडाचा वाळलेला चिकटा हे त्याचं काम. पृष्ठभागाच्या खाली गेलेली गोष्ट, म्हणजे स्क्रॅच, उन्हाने उडालेला रंग, पक्ष्याच्या विष्ठेने पडलेला खड्डा, याला क्ले काही करू शकत नाही.

लागतं की नाही हे वॉशिंग सेंटरवाल्याने ठरवू नये, तुम्ही ठरवा. गाडी धुऊन पुसली की पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घाला आणि बोटांची टोकं टपावरून, बोनेटवरून, डिकीवरून अलगद फिरवा. पिशवीमुळे घर्षण कमी होतं आणि एरवी न जाणवणारा कणही बोटाला लागतो. दाराच्या खालच्या भागात खरखर असणारच, त्यावरून निकाल देऊ नका. टप आणि बोनेट गुळगुळीत असेल तर क्लेवर पैसे घालू नका. गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरतं. दर सर्व्हिसिंगला क्ले करून घेणं म्हणजे दर सर्व्हिसिंगला रंग थोडा घासून घेणं.

प्रश्न : घरीच करायचं आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, एरवी बोअर. शिवाय उन्हाळ्यात सकाळी नऊलाच पत्रा तापतो. रीतसर पद्धत सांगाल का? – विजापूर रोड

पाणी आणि ऊन, या दोन्ही अडचणी तुम्ही अचूक पकडल्या आहेत. सोलापुरात क्ले बिघडतो तो बहुतेक याच दोन कारणांनी.

वेळ आधी. एप्रिल-मे महिन्यांत शक्यतो हे काम काढूच नका. काढलंच तर पहाटे उजाडल्यावर आणि सावलीत. तळहाताची मागची बाजू बोनेटवर ठेवून बघा, चटका जाणवला तर पत्रा तापलेला आहे. तापलेल्या पत्र्यावर लुब्रिकंट (क्ले सरकावा म्हणून फवारायचं बुळबुळीत पाणी) क्षणात वाळतं, क्ले मऊ पडून रंगावर चिकटतो आणि त्याचे पट्टे उमटतात. ते निघतात, पण डांबर काढायच्या द्रावणाने पुसत बसावं लागतं.

मग धुणं, आणि यात घाई नको. आधी हात न लावता नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने सगळी सुटी धूळ खाली उतरवा. गाळप हंगामात कारखान्यांकडून काजळी येते त्या दिवसांत हे दुप्पट महत्त्वाचं. काजळी कोरड्या फडक्याने पुसली की ती पसरते आणि तिच्यातले टणक कण रंगावरून ओढले जातात. नंतर दोन बादल्या घ्या. एकीत शांपूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. शांपू भांड्यांचा नको, गाडीचाच हवा. धुऊन झालं की डांबराचे मोठे ठिपके टार रिमूव्हरने वेगळे काढा. ते क्लेने काढायला गेलात तर पहिल्या दारातच गोळा काळा होईल.

लुब्रिकंट म्हणून एक लिटर पाण्यात साधारण १० मिलि गाडीचा शांपू पुरे, पण पाणी आरओचं किंवा नळाचं घ्या. बोअरच्या पाण्यात शांपूला फेस कमी येतो, बुळबुळीतपणा कमी मिळतो आणि वाळलं की पांढरे डाग वेगळेच. लहान हॅचबॅकला लिटरभर लागेल, एसयूव्हीला दीड ते दोन लिटर धरा. इथे काटकसर करू नका. शेवटच्या खळबळण्यासाठीही बोअर नको. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा एक जार आणला तर काम भागतं.

क्लेची सबंध वडी वापरायची नाही. ५० ग्रॅमच्या आसपास तुकडा तोडा, कोमट पाण्यात मिनिटभर ठेवून मळा, आणि चार बोटांत मावेल अशी अर्धा सेंटिमीटर जाडीची चकती करा. ग्रेड ‘फाइन’च घ्या. ‘मिडियम’ आणि त्याहून जाड ग्रेड ही बॉडी शॉपमधल्या ओव्हरस्प्रेसाठी, म्हणजे स्प्रे मारताना उडून बसलेल्या रंगासाठी असतात.

एका वेळी दोन फूट बाय दोन फुटांपेक्षा मोठा भाग धरू नका. बोनेटचे चार भाग करा. पत्र्यावर आणि चकतीवर दोन्हीकडे फवारा, मग चकती सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा, गोल-गोल नाही. सरळ रेघ उमटली तर ती एका दिशेला असते आणि पॉलिशने लवकर जाते. गोल रेघा प्रत्येक दिव्याखाली चमकतात. दाब द्यायचा नाही, बोटांचं वजन हाच दाब. सुरुवातीला खरखर आवाज येतो, चकती अडखळते. पाच-दहा वेळा फिरवल्यावर आवाज थांबतो आणि चकती तुपावरून गेल्यासारखी सरकते. तो भाग झाला, आणखी घासू नका. चकती सरकायच्या ऐवजी ओढ देऊ लागली तर हात थांबवा आणि पुन्हा फवारा. जोर लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्रत्येक भागानंतर चकती उलटून बघा. तपकिरी-राखाडी डाग दिसतील. घडी घालून, पुन्हा मळून स्वच्छ बाजू वर आणा. स्वच्छ बाजू मिळेनाशी झाली की तुकडा टाका. आणि जमिनीवर पडलेला क्ले उचलून धुऊन परत वापरायचा नाही, मग तो नवा असला तरी. सोलापूरच्या अंगणातली वाळू एकदा त्यात रुतली की तो सँडपेपरच झाला.

क्रम टप, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग असा. चाकांच्या वरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि मागचा बंपर अगदी शेवटी, आणि तो तुकडा परत वर न्यायचा नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर क्ले नको, त्यांच्या खरबरीत पृष्ठभागात तो अडकून बसतो. एकूण दीड-दोन तास धरून चाला.

पुसायला मायक्रोफायबरचं फडकंच. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि अंग पुसायला त्याला तोड नाही, पण क्ले झालेल्या उघड्या रंगावर सुती फडकं, त्यातही वापरून कडक झालेलं, बारीक रेघा सोडतं.

क्लेने जुनं वॅक्सही निघून गेलेलं असतं. म्हणून त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक थर) लावा. ‘पुढच्या रविवारी लावू’ म्हणालात तर आठवडाभरातली धूळ आणि डाग थेट क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर बसतील.

प्रश्न : पांढऱ्या गाडीवर टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके आले आहेत. शोरूममध्ये ‘पत्रा गंजतोय’ म्हणाले. गाडी दिवसभर अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडसमोर उभी असते. – अशोक चौक

बहुधा पत्रा गंजत नाहीये, त्यावर बसलेलं लोखंड गंजतंय. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. तो रंगावर पडला की क्लिअर कोटमध्ये थोडा रुततो आणि पहिल्या दमट रात्रीनंतर नारिंगी होतो. रेल्वे रुळांजवळ आणि ब्रेक डिस्कच्या भुकटीनेही हेच होतं. काळ्या गाडीवरही ठिपके असतात, दिसत नाहीत एवढंच.

खात्री करायला नख फिरवा. ठिपका उंच लागला तर बाहेरून आलेला कण. खड्डा लागला आणि आत काळपट-लाल दिसलं तर तो दगडाचा टवका. त्याला टचअप पेंट लागेल, क्ले नाही.

तुमच्या गाडीवर सरळ क्ले करू नका. एवढे कण असताना क्ले फिरवला तर सुटलेला प्रत्येक कण गोळ्यात अडकून पुढे ओढला जातो. शिवाय क्ले वर आलेलं डोकं कापतो, रुतलेलं मूळ आत राहतं आणि दोन महिन्यांत ठिपका परत दिसतो. आधी आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण वापरा. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं. धुतलेल्या, थंड पत्र्यावर फवारायचं, तीन ते पाच मिनिटं थांबायचं, जांभळे ओघळ दिसले की भरपूर पाण्याने धुवायचं. पत्र्यावर ते वाळू द्यायचं नाही. वास सडक्या अंड्यासारखा येतो, तेव्हा मोकळ्या जागी आणि हातमोजे घालूनच. तुमच्याकडे दोन फेऱ्या लागतील असं दिसतं. दुसऱ्या फेरीत जांभळं जवळपास आलंच नाही तर उरलेल्यासाठी फाइन क्ले.

आणि गाडी शेडच्या दुसऱ्या बाजूला लावा, नाहीतर हा खर्च दर वर्षी ठरलेला.

प्रश्न : काळ्या सेदानवर क्ले करून घेतला. हात लावला तर काचेसारखं लागतं, पण उन्हात धुरकट पट्टे दिसतात. डिटेलिंगवाल्याने रंग खराब केला का? – होटगी रोड

खराब केला असं लगेच म्हणता येणार नाही. क्लेनंतर गडद रंगावर हलकी धूसर झाक येणं अपेक्षित असतं. काळा रंग ती लपवत नाही, चंदेरी आणि पांढरा लपवतात. लुब्रिकंट कमी, दाब जास्त किंवा ग्रेड जाड असेल तर ती वाढते. डिटेलिंगवाल्याची चूक असेल तर ती पुढची पायरी न करता गाडी हातात देण्याची. गडद गाडीवर क्ले केला की फिनिशिंग पॉलिश करायचंच, हे पैसे ठरवतानाच बोलून घ्यायला हवं.

आता त्याच्याकडून मऊ फोम पॅडवर फिनिशिंग पॉलिशची एक फेरी करून घ्या. ‘रबिंग मारून देतो’, म्हणजे जाड कंपाउंडने (घासणाऱ्या पेस्टने) घासून देतो म्हणाला तर नको म्हणा. कंपनीच्या रंगात वरचा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). धूसर झाक त्याच्या अगदी वरच्या थरात असते, तिच्यासाठी जाड कंपाउंडने कित्येक मायक्रॉन खाणं हा शुद्ध तोटा.

प्रश्न : बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग क्लेनेही जात नाहीत. – शेळगी

ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत. क्ले त्यावरून सरकतो, कारण त्यांची कड चपटी असते. क्षाराला आम्ल लागतं. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं करा, मायक्रोफायबर त्यात बुडवून थंड पत्र्यावरच्या डागावर एक-दोन मिनिटं ठेवा आणि लगेच शांपूने धुवा. एकदा-दोनदा करूनही गोलाची कड दिसत राहिली तर क्षार गेला आहे, उरलाय तो क्लिअर कोटमध्ये कोरलेला खड्डा. तो पॉलिशने कमी होतो, खोल असेल तर पूर्ण जात नाही.

काही जण टॉयलेट क्लीनर पाण्यात मिसळून वापरतात. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोम आणि अ‍ॅल्युमिनियम खातं, रंगाचंही भलं करत नाही. कृपया नको.

थोडक्यात उत्तरं

जुनी मारुती ८००, क्लेवर गाडीचाच रंग येतो (बाळे) : तिच्या साध्या रंगावर क्लिअर कोट नाही, म्हणून वरचा निर्जीव थर निघून क्लेवर येतोय. घाबरू नका, पण एका फेरीत थांबा आणि वॅक्स लावा.

नुकतंच पेंटिंग करून आणलेलं दार (सात रस्ता) : महिनाभर क्लेही नको, वॅक्सही नको. रंगातलं सॉल्व्हंट उडायला वेळ द्या.

सिरॅमिक कोटिंग असलेली गाडी (भवानी पेठ) : क्लेने कोटिंग झिजतं. आधी आयर्न रिमूव्हर आणि वर सांगितलेलं व्हिनेगर करून बघा. त्यानेही खरखर गेली नाही तरच क्ले, आणि तोही कोटिंग करणाऱ्याला विचारून. मॅट फिनिशवर मात्र कधीच नाही, घासलेली जागा चकचकीत होते आणि परत मॅट होत नाही.

वायपर काचेवर थरथरतो (रेल्वे लाइन्स) : काचेवर क्ले बिनधास्त करा, काच रंगापेक्षा कितीतरी टणक असते. सोबत वायपरची पातही पुसून घ्या. त्यानंतरही थरथर राहिली तर पात बदला.

क्लेची वडी की क्ले मिट (कुमठा नाका) : मिट, म्हणजे क्लेसारखा थर असलेला हातमोजा, पटकन काम करतं, खाली पडलं तर धुऊन परत वापरता येतं, पण कडेकोपऱ्यांत आणि लोगोभोवती वडीच बरी. नवं मिट आधी काचेवर चार-पाच वेळा फिरवून त्याचा वरचा कडकपणा मोडून घ्या. उरलेली वडी झाकणाच्या डबीत, दोन फवारे लुब्रिकंट मारून घरात ठेवा. मे महिन्यात डिकीत राहिली तर ती डबीला चिकटून बसते आणि खरवडून काढलेला क्ले वापरण्याजोगा राहत नाही.