काडतुसं भरण्याचं टेबल

प्रश्न : परवाना मिळाला आहे. रायफलची काडतुसं घरी पुन्हा भरण्यासाठी टेबल कसं करावं?

उत्तर : आधी मजबुती बघा. प्रेसचा, म्हणजे काडतूस दाबून तयार करणाऱ्या हातयंत्राचा, दांडा ओढला की हलकं टेबल पुढे झुकतं आणि भिंतीवरून सुटतं. १८ मिलिमीटरचे दोन प्लाय एकमेकांना चिकटवा, पाय भिंतीला बांधा. प्रेस मात्र आरपार नटबोल्टनेच बसवा; लाकडी स्क्रू ढिले होतात. वजनकाटा वेगळ्या फळीवर ठेवा, पंख्यापासून लांब.

उजेडावर माझा सगळ्यात जास्त कटाक्ष असतो. दिवा समोरून आणि वरून हवा, म्हणजे प्रत्येक पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळीच्या) तोंडातून आतली पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, दिसते. एकीत चुकून दुप्पट पडली तर बंदूक फुटू शकते. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी अख्खी रांग डोळ्यांखालून घालायचीच, कितीही घाई असो.

माझ्या टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा असतो, बाकीचे कुलपात. प्राइमर (पुंगळीच्या बुडाशी बसणाऱ्या, दारू पेटवणाऱ्या टोप्या) मूळ खोक्यातच ठेवा, बाटलीत ओतू नका. एक उडाला की सगळे उडतात. विडी-सिगारेट, हीटर त्या खोलीत नकोच. खाली सतरंजीही नको, तिच्यात शिशाची धूळ बसते. उठल्यावर हात साबणाने धुवा, मगच मुलांना जवळ घ्या.