स्फुट, माळ आणि धागा

प्रश्न असा आहे: फेडिव्हर्ससारख्या (एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांच्या) विकेंद्रित समाजमाध्यमांवर आता एकाच खात्यावरून मायक्रोब्लॉगिंगही (ट्विटरसारखं छोटं लेखन) करता येतं आणि चर्चेच्या थ्रेडमध्येही (एका विषयाखालच्या उत्तरांच्या साखळीत) भाग घेता येतो. मराठीत लिहिताना या दोन गोष्टी वेगळ्या कशा सांगायच्या? 'सूक्ष्मब्लॉग' आणि 'धागा' हे शब्द चालतील का? आणि 'विकेंद्रित' बरोबर की 'विकेंद्रीकृत'?

शेवटचा भाग आधी घेतो, कारण तो लवकर आटोपतो. 'ईकृत' हे शेपूट संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाचं आहे. जे आधी तसं नव्हतं, ते तसं केलं गेलं, असा त्याचा अर्थ. सरकारकडे नसलेल्या बँका सरकारकडे आल्या, म्हणून त्या 'राष्ट्रीयीकृत'. म्हणजे आधी एका केंद्राकडे असलेली यंत्रणा पुढे वाटून दिली असेल, तर 'विकेंद्रीकृत' शोभेल. मॅस्टोडॉन हे फेडिव्हर्सवरचं ट्विटरसारखं माध्यम 2016 मध्ये आलं ते मुळातच अनेक स्वतंत्र सर्व्हरांचं म्हणून. त्याला 'विकेंद्रित' पुरेसं आहे.

आता मुख्य गोष्ट. 'धागा' हा शब्द मराठी संकेतस्थळांवर इतका रुळला आहे की तो कुणाचं भाषांतर आहे हेही आठवत नाही. धागा काढणं, धागा वर आणणं, धागा भरकटणं ही सगळी क्रियापदं आपोआप आली, कारण बोलण्याचा धागा पकडणं आणि सुटणं आपल्याकडे आधीपासून होतंच. असा शब्द हातात असताना दुसरा शोधायची गरज नाही.

अडचण 'सूक्ष्मब्लॉग'ची आहे. एक तर मराठीत 'सूक्ष्म' म्हणजे नुसतं लहान नव्हे. सूक्ष्म निरीक्षण, सूक्ष्म भेद यांत बारकावा आहे, आणि तो या लेखनात असेलच असं नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे हा शब्द लांबीवर बोट ठेवतो, आणि लांबी हा इथला भेदच नाही. मायक्रोब्लॉगिंग लहान होतं ते एसएमएसमुळे. संदेशाची 160 वर्णांची मर्यादा, त्यातून नावासाठी काही जागा सोडून ट्विटरने 140 ठेवली, पुढे 2017 मध्ये ती 280 झाली. मॅस्टोडॉनवर मुळात 500 आहे आणि सर्व्हर चालवणारा ती वाढवू शकतो. मिस्की या तशाच माध्यमावर तर 3000. उलट लेमी या चर्चेच्या माध्यमावर नुसतं एका ओळीचं शीर्षक देऊन धागा काढता येतो. तीन हजारांचं ते 'सूक्ष्म' आणि एका ओळीचा तो धागा, हे कसं जमायचं?

(जाता जाता: या मर्यादेला सगळे 'अक्षरमर्यादा' म्हणतात, पण मोजणी प्रत्येक ठिकाणी अक्षरांचीच होते असं नाही. 'शब्द' यात आपल्या कानाला अक्षरं दोन, पण युनिकोडचे (संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीचे) संकेत चार: श, ब, हलन्ताची खूण आणि द. ब्लूस्काय हे ट्विटरसारखं माध्यम आपली 300 ची मर्यादा मोजताना 'कि'सारखं वेलांटीचं अक्षर एकच धरतं. मराठी लिहिणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.)

खरा भेद लिहिलेलं कशाला बांधलेलं आहे, यात आहे. मायक्रोब्लॉगवरचा मजकूर माणसाला बांधलेला असतो. मी तुम्हाला फॉलो करतो, मग तुम्ही सकाळी व्याकरणावर लिहा, संध्याकाळी पावसावर, दोन्ही माझ्यासमोर येणार. धागा विषयाला बांधलेला असतो. तिथे मी विषयाशी येतो, कोण बोलतंय ते नंतर कळतं.

या पहिल्या प्रकाराला मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे 'स्फुट'. वृत्तपत्रांत अग्रलेखाखेरीज येणारा छोटा, सुटा मजकूर म्हणजे स्फुट. कवींच्या ग्रंथाबाहेरच्या रचना म्हणजे स्फुट कविता. या शब्दात छोटेपणापेक्षा सुटेपण महत्त्वाचं आहे: मागच्यापुढच्याशी बांधलेलं नाही, आपल्यापुरतं पूर्ण आहे. शिवाय धाग्याशी त्याची जोडी जमते, एक सुटं आणि दुसरं गुंफलेलं. 'स्फुट लिहिलं', 'तुमचं कालचं स्फुट आवडलं', 'तिचं स्फुट बूस्ट केलं' (म्हणजे आपल्या वाचकांपर्यंत पुढे पाठवलं) ही वाक्यं मी मोठ्याने म्हणून पाहिली आहेत, कुठे अडखळायला होत नाही.

मग मायक्रोब्लॉगवरही 'थ्रेड' म्हणतात, त्याचं काय? तिथे एकच माणूस स्वतःच्याच स्फुटाला उत्तर देत देत सात-आठ स्फुटं एकापुढे एक ओवतो. ती माळ आहे. चर्चेचा धागा असा सरळ जात नाही, त्याला फांद्या फुटतात. एकाला माळ आणि दुसऱ्याला धागा म्हटलं की गोंधळ मिटतो, आणि माळ ओवताना धागा लागतोच, तेव्हा नातंही शिल्लक राहतं. 'सूत्र' या शब्दाचा मोह मला फार होतो, कारण त्याचा अर्थ दोराही आहे आणि मोजक्या अक्षरांतलं वचनही. पण गणिताने आणि बातमीदारांनी तो पुरता व्यापला आहे, तो सोडून देऊ.

हे वेगळेपण फक्त शब्दांच्या हौसेपुरतं नाही. ॲक्टिव्हिटीपब हा प्रोटोकॉल (हे सर्व्हर एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात ते) 2018 मध्ये डब्ल्यू3सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने शिफारस म्हणून मान्य केला. त्याच्या भाषेत मॅस्टोडॉनचा मजकूर 'नोट' म्हणून जातो आणि लेमीचा धागा 'पेज' म्हणून. यंत्रालाही दोन शब्द लागले! एमबिन या फेडिव्हर्सवरच्या दुसऱ्या माध्यमावर तर एकाच मॅगझिनमध्ये (विषयाच्या दालनात) थ्रेड आणि मायक्रोब्लॉग असे दोन वेगळे कप्पे आहेत. मॅगझिनने ठरवलेला हॅशटॅग घालून कुणी मॅस्टोडॉनवर लिहिलं, तर ते त्या मॅगझिनच्या मायक्रोब्लॉग कप्प्यात दिसू शकतं. तिथे 'हे स्फुट कप्प्यात आलंय, यावर धागा काढू का?' हे वाक्य सरळ लागू पडतं.

स्फुटाचा धागा होणं हा सगळ्यात रंजक भाग. मॅस्टोडॉनवरून लेमीच्या एखाद्या समुदायाचा (विषयाच्या गटाचा) उल्लेख करून लिहिलं की तिथे धागा तयार होतो, आणि स्फुटाची पहिली ओळ त्याचं शीर्षक बनते. स्फुट लिहिताना शीर्षकाची सवय नसते. 'नमस्कार मंडळी, एक विचारायचं होतं' अशी सुरुवात करणाऱ्याच्या धाग्याचं शीर्षक तेच होतं, आणि विषय काय आहे हे वाचणाऱ्याला कळतच नाही. म्हणून धागा व्हायचा असेल अशा स्फुटाची पहिली ओळ विषयाची ठेवा, आणि समुदायाचा उल्लेख शेवटी करा. उदाहरणार्थ, 'विकेंद्रित की विकेंद्रीकृत?' एवढीच पहिली ओळ, आणि नमस्कार दुसऱ्या ओळीत.