केस पेपरवरचा ‘अपघात’ बदलावा का?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीने मागच्या महिन्यात जीव देण्याचा प्रयत्न केला. ती वाचली. आम्ही घाबरून डॉक्टरांना ‘अपघात’ सांगितलं आणि केस पेपरवर तेच लिहिलं गेलं. आता समुपदेशक म्हणतात, नोंद खरी करून घ्या, रुग्णालय अशा प्रयत्नांची नोंदवही ठेवतं. खरं सांगितलं तर तिच्यावर गुन्हा दाखल होईल? नाव बाहेर फुटेल?

उत्तर : गुन्हा दाखल होण्याची भीती सोडा. जुन्या भारतीय दंड संहितेतल्या ज्या ३०९ कलमाने असा प्रयत्न गुन्हा ठरायचा आणि ज्याची धास्ती अजून घरोघरी आहे, ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही. २२६ कलम आहे, पण ते सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न करणाऱ्याला लागतं. उलट मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं ११५ कलम अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरतं आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं.

पोलीस मात्र जबाब घ्यायला येऊ शकतात. जबाब घेतला म्हणजे गुन्हा दाखल झाला, असं नव्हे.

नावाचं म्हणाल तर अशा प्रयत्नांच्या मोजणीला नाव लागतच नाही. वय, लिंग, प्रयत्नाचा मार्ग, आधीचा प्रयत्न, पुढचे उपचार एवढं पुरतं. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचंच २३ कलम मानसिक आजाराच्या रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. तिला आजाराचं निदान झालं नसेल, तर या कलमावर वाद घालता येईल; पण रुग्णाचं गुपित राखणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक कर्तव्य आहेच. तरी माहिती नावाशिवाय पुढे जाईल, हे रुग्णालयाकडून लेखी घ्या.

आणि ही नोंद लागते कशाला? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल पोलिसांकडे नोंदलेल्या मृत्यूंवर उभा असतो. त्यात २०२२ साली १,७०,९२४ आत्महत्या दिसतात. तुमच्या बहिणीसारखी वाचलेली माणसं त्यात नाहीत. त्यांना मोजायचं तर रुग्णालयातच. नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणानेही देखरेखीची व्यवस्था उभारायला सांगितलं आहे. मलाही पूर्वी अशी नोंद म्हणजे कटकट वाटायची.

जुनी ओळ खोडायला सांगू नका. त्याने संशय वाढतो. बहिणीची संमती घेऊन डॉक्टरांना खरी हकीकत सांगा आणि तारीख-सहीसह पुरवणी नोंद करायला सांगा. कुणाच्या छळामुळे हे घडलं असेल, तर आणखी घाई करा. उद्या तक्रार दिलीत की समोरचा वकील पहिल्यांदा तो ‘अपघात’च दाखवेल.

मध्येच तिची तगमग वाढली, तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन चोवीस तास आहे. तिथे आपली ओळख सांगावी लागत नाही.