मॅडम, तो गाडी मुद्दाम लावतो

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांची एक नवीनच कॅटेगरी तयार झालीय. येतात ते झोप लागत नाही, बीपी वाढलंय, घरात उगाच चिडचिड होते म्हणून, बऱ्याचदा फॅमिली डॉक्टरनी पाठवलेलं असतं, आणि विसाव्या मिनिटाला कळतं की विषय घरासमोरच्या गाडीचा आहे. मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघं आले, सगळे आमच्या नाशिकचेच, एक इंदिरानगरचे, एक जेलरोडच्या ताई, एक पंचवटीतले, आणि तिघांचं वाक्य जवळपास सेम, "मॅडम, तो मुद्दाम लावतो." म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांना विचारलंय, ते हो म्हणालेत, ओळख पटेल असं मात्र सगळं बदललंय. त्यांना आपण अण्णा म्हणू.

अण्णा सिडकोतले, अंबडच्या कंपनीतून रिटायर झालेले. सिडको म्हणजे बाहेरगावच्यांना कदाचित माहीत नसेल, सातपूर-अंबडच्या कामगारांना परवडावी म्हणून एकापाठोपाठ एक अशा सहा योजनांमध्ये बांधलेली छोटी छोटी घरं, तेव्हा लोकांकडे सायकल नाहीतर लूना, फार तर स्कूटर, त्यामुळे गल्ल्याही त्याच मापाच्या. आता त्याच घरांवर दोन मजले चढलेत आणि प्रत्येक मजल्याची एक चारचाकी. अण्णांनी गल्ली टेपने मोजलेली होती, पंधरा फूट. "मॅडम हिशोब करा, एक गाडी साडेपाच-पावणेसहा फूट, समोरासमोर दोन लागल्या की मध्ये राहिले किती? साडेतीन-चार. त्यातून म्हैस जाईल, माणूस जाईल, माझी वॅगनार कशी जाईल?"

हिशोब बरोबर होता. समोरच्या घरात राहणारा मुलगा रात्रपाळी-दिवसपाळी करणारा, तिशीतला, त्याने नवीन गाडी घेतली होती आणि ती अण्णांच्या गेटच्या कोपऱ्यात दोन-अडीच फूट आत यायची. पूर्ण गेट अडवत नव्हता, हे महत्त्वाचंय, कारण पूर्ण अडवलं असतं तर एक दिवस भांडण होऊन मिटलं तरी असतं. दोन फुटांचं दुखणं वाईट, तक्रार करायला गेलं तर आपणच कोते वाटतो आणि नाही केली तर आत ठसठसत राहतं.

अण्णांनी काय काय केलं होतं ते ऐका. गेटवर "नो पार्किंग" लिहिलं. मग त्याखाली "हवा सोडली जाईल" लिहिलं. मग टोमॅटोच्या कॅरेटमध्ये दगड भरून ते साखळीने गेटला बांधून रस्त्यावर ठेवलं, ते कुणीतरी बाजूला सरकवलं, मग दोन कॅरेट ठेवली. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "काही लोकांना नागरिकशास्त्र शिकवायची गरज आहे" असं टाकलं, त्यावर सात जणांनी अंगठा दिला, त्यात त्या मुलाचाही अंगठा होता. हे सांगताना अण्णांचा आवाज चढला, "बघा, किती निर्लज्ज!" मला हसू आलं पण दाबलं, कारण मला तेव्हाच शंका आली होती की त्या पोराला हे आपल्याबद्दल आहे हे कळलेलंच नाही.

माझी पद्धत ज्यांना माहितीये त्यांना माहितीये की मी माणसाच्या बोलण्यातला "च" पकडते. आपल्या मराठीत हे एक अक्षर फार मोठं काम करतं. "त्याने गाडी नीट लावावी" ही इच्छा झाली, "त्याने गाडी नीट लावलीच पाहिजे" म्हटलं की तो हुकूम झाला, आणि ज्याला हुकूम द्यायचा तो आपला नोकर नाही, मग हुकूम मोडला की आपलंच बीपी वाढतं. सोळा वर्षं हेच करतेय आणि शंभरातल्या बऱ्याच जणांना हे एवढ्यावरच हलकं वाटतं. अण्णांना मी तसंच बोलायला लावलं, च काढून. त्यांनी मान डोलवली, वहीत लिहून घेतलं, आणि पुढच्या वेळी येऊन म्हणाले, "मॅडम, च काढला. गाडी तिथेच आहे."

तर पहिली दोन-तीन सेशन माझी अशी गेली. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

चौथ्या वेळी ते मोबाईल घेऊन आले. पुरावा म्हणून रोज फोटो काढत होते, आठ महिन्यांचे, दोनशे चौदा फोटो, ते वकिलाला दाखवायचे होते पण त्याआधी मला दाखवायचे होते. एकेक सरकवत होते, हे बघा एक तारीख, हे बघा तीन तारीख, हे बघा दिवाळीचा पाडवा, सणाला सुद्धा! मी बघत होते आणि खरं सांगायचं तर कंटाळले होते, सगळे फोटो सेम, पांढरी गाडी, गेटचा कोपरा, कॅरेट. आणि मग माझं लक्ष गाडीवरून वर गेलं, स्क्रीनच्या वरच्या कडेला तारखेखाली वेळ असते ना तिथे. एक बावन्न. दोन दहा. एक चाळीस. दोन पस्तीस. सगळे रात्रीचे.

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही रात्री दोन वाजता गॅलरीत काय करता?"

"तो सेकंड शिफ्टवरून एकनंतर येतो ना. गाडी कशी लावली ते बघायला उठतो."

"उठता की जागे असता?"

गप्प झाले. मी पण गप्प बसले, हे मला जमतं, नवीन समुपदेशकांना जमत नाही, त्यांना लगेच पुढचा प्रश्न विचारायचा असतो. बाहेर कॉलेज रोडवरचा ट्रॅफिक ऐकू येत होता. मग ते हळू म्हणाले, "जागाच असतो. मिसेसची ॲन्जिओप्लास्टी झाली ना मागच्या वर्षी. त्या रात्री पंधरा मिनिटांत नेलं होतं हॉस्पिटलला म्हणून वाचली असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा ही गाडी नव्हती. आता तसं झालं तर मी वॅगनार काढू कशी? आणि १०८ बोलावली तर ती सहा-साडेसहा फुटांची ॲम्ब्युलन्स त्या साडेतीन फुटांतून येणार कशी?"

मी म्हटलं, "म्हणजे हे फोटो गाडीचे नाहीतच अण्णा. तुम्ही आठ महिने रात्रीचा पहारा देताय, त्याची ही हजेरी आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही. साठ-पासष्टीच्या पुरुषांचं रडणं असंच असतं, चष्म्याच्या बहाण्याने.

त्यानंतर मी तो प्रश्न विचारला जो खरं तर पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. "तुम्ही त्या मुलाला नेमकं काय सांगितलं? शब्द सांगा, जसेच्या तसे." अण्णांनी बराच वेळ आठवलं. बायकोला सांगितलं होतं, पुण्याच्या भावाला सांगितलं होतं, ग्रुपवर टाकलं होतं, दोनदा हॉर्न वाजवला होता, एकदा त्याच्याकडे बघून "काय लोक असतात" असं हवेत म्हटलं होतं. त्या मुलाला, समोरासमोर, एक वाक्य? नाही. आणि मिसेसच्या ॲन्जिओप्लास्टीचं? ते तर नाहीच, घरचं आजारपण गल्लीत कशाला सांगायचं.

आता इथे थांबून माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना जे सांगते ते सांगते, कारण दहापैकी आठ जण इथेच अडकलेले असतात. आपण रागावलोय हे समोरच्याला कळलंय असं आपल्याला वाटतं कारण आपल्या डोक्यात आपण त्याच्याशी रोज भांडतो. त्याच्या डोक्यात काहीच झालेलं नसतं. बोर्ड, कॅरेट, हॉर्न, ग्रुपवरचे टोमणे ह्यातून फक्त तुमचा राग पोचतो, तुम्हाला काय हवंय ते पोचत नाही. अण्णांना मी म्हटलं माझ्यासमोर बोलून दाखवा काय बोलणार, तर त्यांनी अकरा मिनिटं भाषण दिलं, सुरुवात "तुम्ही आजकालची पोरं" पासून. आम्ही ते कापत कापत तीन वाक्यांवर आणलं. एक, मला कशाची गरज आहे. दोन, का. तीन, तू नेमकं काय केलंस तर चालेल, फुटात सांगायचं, "नीट लावत जा" असं मोघम नाही. बोलायची वेळ पण ठरवली, तो ड्युटीवरून थकून आल्यावर किंवा गाडी काढायच्या घाईत नाही, आणि गेटवर चार लोक बघत असताना तर अजिबात नाही, कारण लोकांसमोर कुठलाच तरुण माणूस "सॉरी काका" म्हणत नाही, आतून वाटत असलं तरी.

आणि कायद्याचं पण सांगून टाकते कारण प्रत्येक जण विचारतो. घरासमोरचा सार्वजनिक रस्ता तुमच्या मालकीचा नाही, तिथे कुणी गाडी लावली म्हणजे तुमच्या जागेत लावली असं होत नाही. पण गेट अडवणं चूकच आहे, गाडी चालवण्याबद्दलचे केंद्राचे २०१७ चे जे नियम आहेत त्यात कुणाच्या येण्याजाण्याच्या वाटेत गाडी लावू नये असं आहे, आणि त्यासाठी ट्रॅफिक पोलिसांकडे जाता येतं. मात्र हवा सोडलीत, ओरखडा काढलात, वायपर वाकवलात तर नुकसान केल्याचा गुन्हा तुमच्यावर लागतो, भारतीय न्याय संहितेत त्याला ३२४ कलम आहे, आणि "हवा सोडली जाईल" हा बोर्ड तुम्हीच लिहिलेला असतो, म्हणजे पुरावा पण तुम्हीच तयार करून ठेवलेला. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांनी त्याच संध्याकाळी तेवढी ओळ पुसली.

तर रविवारी सकाळी अण्णा समोर गेले. पुढचं त्यांच्याच शब्दात सांगितलं पाहिजे.

"मॅडम, मी बोललो तीन वाक्यं. माझ्या मिसेसची ॲन्जिओप्लास्टी झालीय. रात्री कधी वेळ आली तर गाडी काढता आली पाहिजे. तू दोन-अडीच फूट तुझ्या भिंतीकडे पुढे घेशील का. तो उठून उभाच राहिला. म्हणे काका, काकूंचं कधी झालं, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. म्हणे मला वाटलं तुमची गाडी तर फक्त रविवारीच निघते. मग मला हाताला धरून बाहेर घेऊन आला, म्हणे हे बघा मी पुढे का घेत नाही. गाडीच्या पुढच्या चाकासमोर चेंबरचं झाकण आहे मॅडम. मध्येच तडा गेलेला, एक कोपरा खचलेला. चाक त्यावर गेलं तर आत जाईल म्हणून तो रोज त्याच्या अलीकडे थांबतो."

मग अण्णा जरा थांबले आणि म्हणाले, "दोनशे चौदा फोटो काढले मी. झाकण प्रत्येक फोटोत आहे."

मी परत बघितलं. होतं. गाडीच्या नाकाच्या पुढे, अगदी स्वच्छ दिसत होतं. फोटोवरची वेळ पकडली म्हणून मी आठवडाभर मनातल्या मनात माझी पाठ थोपटत होते, आणि झाकण मलाही दिसलं नव्हतं. मीही तोवर अण्णांच्याच बाजूने बघत होते बहुतेक.

पुढचं फटाफट झालं. दोघांनी मिळून महापालिकेकडे झाकणाची तक्रार टाकली, ते बदलेपर्यंत मुलगा गाडी कोपऱ्यावर लावायचा, चालत यायचा. गाडीची दुसरी चावी त्याने अण्णांकडे देऊन ठेवली, रात्री गरज पडली तर मला उठवा नाहीतर सरळ तुम्हीच काढा म्हणून. झोप लगेच आली नाही हे पण सांगते, सवय लागलेली असते शरीराला, महिनाभर अण्णा दोनला उठायचेच, फक्त गॅलरीत न जाता पाणी पिऊन परत झोपायचे. मिसेसच्या तब्येतीची भीती ही वेगळी होती, ती गाडी हलल्याने हलणार नव्हती, त्यावर आम्ही अजून दोन सेशन बोललो आणि एकाला त्यांच्या मिसेस पण आल्या. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं हे गाडीपायी वेडे झाले." त्यांना पहाऱ्याचं माहीतच नव्हतं.

सगळीकडे असं गोड होतं असं मी म्हणणार नाही. जेलरोडच्या ज्या ताई आल्या होत्या त्यांच्या शेजाऱ्याने तीन वाक्यं ऐकून घेतली आणि "काय करायचं ते करा" म्हणाला. अशा ठिकाणी दुसरं, तिसरं, दहावं गोड बोलणं करू नका, त्याने तुमचाच आत्मसन्मान झिजतो. त्यांना मी सांगितलं एकट्या लढू नका, गल्लीत ज्यांना ज्यांना त्रास होतोय अशा चार-पाच घरांच्या सह्या घ्या, लेखी अर्ज करा, पोच घ्या, अंगावर आला किंवा धमकी दिली तर ११२. आणि दिवसातली पाच मिनिटं ह्या विषयाला ठरवून द्या, त्याबाहेर जेवणाच्या ताटावर त्याचं नाव काढायचं नाही. त्यांचं अजून चालू आहे. पण जेवण जातंय म्हणाल्या.

अण्णांचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी मेन रोड खोदलाय, त्यामुळे तिकडच्या गाड्या आता ह्यांच्या गल्लीत घुसायला लागल्यात.

"मॅडम, आता एक पिकअपवाला लावतोय कोपऱ्यावर. कोणाचाय माहीत नाही."

"बोललात का त्याच्याशी?"

"नाही अजून," अण्णा म्हणाले. "पण फोटो पण नाही काढला."