डीओ कॉलेजची फी आणि कोथरूडचा फ्लॅट

प्रश्न: आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. मुलगी इथेच जन्मलेली, अमेरिकन नागरिक. ऑगस्ट २०२६ पासून सुरू होणाऱ्या बॅचसाठी तिला एका खासगी ऑस्टिओपॅथिक (डीओ पदवीच्या) मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. तिला फॅमिली डॉक्टर व्हायचं आहे. वर्षाला फी ६४,००० आणि राहणं, खाणं, गाडी मिळून २९,०००, असा ९३,००० डॉलर खर्च आहे. ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, ६०,००० डॉलर आहेत. कोथरूडचा फ्लॅट २००५ मध्ये ३२ लाखांना घेतला होता, आता सव्वा कोटी येतील. सहा वर्षांपासून तो भाड्याने दिला आहे, महिना २८,००० रुपये मिळतात. पोरीच्या डोक्यावर कर्ज नको म्हणून फ्लॅट लगेच विकावा, पहिली दोन वर्षं रोखीने भरावीत आणि मग लागलं तरच कर्ज काढावं, असा विचार आहे. सरकारी शिष्यवृत्तीबद्दलही ऐकलं आहे. बरोबर आहे का?

उत्तर: फ्लॅट विकायला माझी हरकत नाही. पण तुम्ही ठरवलेला क्रम उलटा आहे आणि तो तुम्हाला तिसऱ्या वर्षी अडचणीत आणेल.

आधी नातेवाईक विचारतात त्या शंकेचं बोलू: डीओ हा एमडीसारखाच पूर्ण डॉक्टर असतो का? डीओ आणि एमडी या दोन्ही पदव्यांवर अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना मिळतो, औषधं आणि शस्त्रक्रिया दोन्हीसाठी. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या पगारी प्रशिक्षणाला, एकच संस्था मान्यता देते. डीओच्या विद्यार्थ्यांना सांधे, स्नायू आणि पाठीच्या कण्याच्या हस्तोपचाराचं सुमारे २०० तासांचं जादा प्रशिक्षण असतं आणि त्यांची लायसन्सची परीक्षा कॉमलेक्स ही असते. फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी बहुतेक ठिकाणी कॉमलेक्स पुरते. ऑर्थोपेडिक्स किंवा डर्मॅटॉलॉजीसारख्या चुरशीच्या शाखेकडे मन वळलं तर यूएसएमएलई ही एमडीवाल्यांची परीक्षाही द्यावी लागेल, तिचा खर्च आणि अभ्यास वेगळा. पगार पदवीवर नाही, शाखेवर ठरतो. फॅमिली डॉक्टरचं सरासरी उत्पन्न वर्षाला २,४०,००० डॉलरच्या आसपास धरा, रेसिडेन्सीच्या तीन वर्षांत ६५ ते ७० हजार.

आता कर्ज. १ जुलै २०२६ पासून नवा कायदा लागू होतो आणि तुमची मुलगी नेमकी त्या तारखेनंतर सुरू करते आहे. ग्रॅड प्लस कर्ज, ज्यातून पूर्वी कॉलेजचा अख्खा खर्च निघायचा, नव्या विद्यार्थ्यांना मिळणार नाही. मेडिकलच्या विद्यार्थ्याला फेडरल कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. पालकांच्या नावावरचं पॅरेंट प्लस हे फक्त अंडरग्रॅडसाठी असतं, ते इथे लागूच नाही.

ही मर्यादा वर्षागणिक आहे. पहिल्या वर्षी कर्ज घेतलं नाही तर ते ५०,००० पुढे सरकत नाहीत, गेले ते गेले. पहिली दोन वर्षं रोखीने भरलीत, तर १,८६,००० डॉलर लागतील आणि ५२९ आणि फ्लॅटचे सगळे पैसे त्यातच संपतील. खरं तर तेवढे पुरणारही नाहीत. मग तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी ९३,००० पैकी ५०,००० फेडरल मिळतील आणि दर वर्षी उरलेल्या ४३,००० साठी खासगी बँकेचं कर्ज, तेही तुमच्या सहीवर. त्या कर्जात उत्पन्नानुसार हप्ता नाही, माफी नाही. क्लिनिकल रोटेशनच्या काळात (हॉस्पिटलांतल्या विभागांत पाळीपाळीने शिकताना), म्हणजे खर्च सर्वात अनिश्चित असताना, हे गळ्यात पडतं.

म्हणून चारही वर्षं फेडरल कर्ज पूर्ण ५०,००० घ्या. उरतात दर वर्षी ४३,०००, चार वर्षांचे १,७२,०००. घरचा पैसा फक्त या फरकासाठी. फी तुमच्या खात्यातून थेट कॉलेजला भरलीत तर गिफ्ट टॅक्सचा प्रश्नच येत नाही.

कर्ज घेण्याचा आग्रह का धरतोय ते आकड्यांत पाहा. २०२५-२६ चा व्याजदर ७.९४ टक्के होता, तोच धरला तर पदवीच्या वेळी दोन लाखांचे सुमारे २,४०,००० होतात, कारण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. सरळ दहा वर्षांत फेडायचे तर महिना २,९०० डॉलर, एकूण ३,४८,०००. पण ती ना-नफा हॉस्पिटलात किंवा कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये काम करणार असेल, तर पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेसमध्ये १२० हप्त्यांनंतर उरलेलं कर्ज माफ होतं आणि त्यावर फेडरल कर लागत नाही. रेसिडेन्सीची तीन वर्षंही यात धरली जातात, कारण बहुतेक रेसिडेन्सी ना-नफा हॉस्पिटलांतच असतात. नव्या आरएपी योजनेत हप्ता उत्पन्नावर ठरतो. ६८,००० वर ६ टक्के, म्हणजे महिना ३४०, आणि हप्त्यातून न भरलेलं व्याज सरकार सोडून देतं, त्यामुळे कर्ज फुगत नाही. नोकरी लागल्यावर १० टक्के, म्हणजे महिना २,०००. रेसिडेन्सीचे पाच-सहा हजार (हप्ता मागच्या रिटर्नवरून ठरतो, म्हणून सुरुवातीला कमी) आणि पुढच्या सात वर्षांचे १,६८,०००, मिळून तिच्या खिशातून पावणेदोन लाखांच्या आत. बाकी साधारण १,९०,००० माफ. फ्लॅटचे पैसे या कर्जात भरलेत तर सरकार जे सोडणार होतं तेच तुम्ही भराल.

एक बारीक गोष्ट. चौथ्या वर्षी उत्पन्न शून्य असलं तरी तिचं टॅक्स रिटर्न भरून ठेवा. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाचा हप्ता त्यावरून ठरतो, तो महिना १० डॉलर लागतो आणि तरी १२० मध्ये मोजला जातो. माफीचा अर्ज अडू शकतो तो पगार देणारा मालक कोण या प्रश्नावर. कधी हॉस्पिटल ना-नफा असतं, पण पगार देणारा डॉक्टरांचा ग्रुप नफ्यासाठी चालणारा निघतो. करारावर सही करण्याआधी पगार देणाऱ्या संस्थेचा ईआयएन (करखात्याचा ओळख क्रमांक) सरकारी यादीत तपासायचा आणि दर वर्षी फॉर्म भरून घ्यायचा.

शिष्यवृत्तीबद्दल मात्र मी जपून बोलेन. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची शिष्यवृत्ती फी भरते, वर महिन्याचा भत्ता देते. बदल्यात जितकी वर्षं घेतली तितकी वर्षं, किमान दोन आणि जास्तीत जास्त चार, डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात प्राथमिक सेवा द्यायची. रेसिडेन्सीचा काळ त्यात धरत नाहीत. करार मोडला तर दिलेल्या रकमेच्या तिप्पट आणि त्यावर व्याज. बावीस-तेवीस वर्षांच्या, अजून वॉर्डही न पाहिलेल्या मुलीने पहिल्याच वर्षी ही सही करावी, असं मला वाटत नाही. तिसऱ्या वर्षी फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, पेडियाट्रिक्स, स्त्रीरोग, सर्जरी, सायकियाट्री असं सगळं हाताखालून जातं आणि कित्येकांची आवड तिथेच बदलते. बदलली तर त्यात गैर काही नाही, पण तिप्पट दंड भरून बदलू नये.

त्याच संस्थेची स्टुडंट्स टू सर्व्हिस ही योजना शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तीन वर्षांच्या सेवेच्या बदल्यात कर्जफेडीसाठी १,२०,००० डॉलरपर्यंत मिळतात. तोवर रोटेशन झालेली असतात, तिचं मन कुठे आहे ते तिला कळलेलं असतं. फॅमिली मेडिसिन पक्कं असेल तर तेव्हा अर्ज करावा. यातून जेवढं कर्ज फिटेल तेवढी पुढची माफी कमी होते, हे धरून दोन्हींचा हिशेब शेजारी मांडा. मला हातात येणारे पैसे जास्त भरवशाचे वाटतात.

कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला आजच एक विचारा: तुमच्याकडे प्रायमरी केअर लोन आहे का? हे आरोग्य खात्याचं, काही ठरावीक कॉलेजांतूनच मिळणारं, गरजेवर आधारित कर्ज आहे. व्याज ५ टक्के, शिक्षण आणि प्राथमिक शाखेच्या रेसिडेन्सीत व्याज चढत नाही. अट अशी की रेसिडेन्सी धरून दहा वर्षं, किंवा कर्ज फिटेपर्यंत, प्राथमिक सेवेत राहायचं. शाखा बदलली तर दर ७ टक्के होतो. तिप्पट दंडापुढे ही अट सौम्य आहे आणि शिक्षण खात्याच्या ५०,००० च्या मर्यादेत हे कर्ज मोजलं जात नाही. वर्षाला १५-२० हजार जरी मिळाले तरी फ्लॅटवरचा भार निम्मा होतो. कॉलेज तुमच्या उत्पन्नाचे कागद मागू शकतं, ते द्या.

तीन वर्षांत डीओ करून थेट फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीत जाण्याचे मार्गही आहेत, जसा ओहायो युनिव्हर्सिटीच्या हेरिटेज कॉलेजचा क्लीव्हलँड क्लिनिकबरोबरचा कार्यक्रम किंवा पेनसिल्व्हेनियात ईरीच्या लेकॉमचा. एका वर्षाचा खर्च वाचतो आणि वर्षभर आधी पगार सुरू होतो. तिच्या कॉलेजात असं काही असेल तर मधेच बाहेर पडल्यास काय होतं, ते लेखी घ्या.

फ्लॅटकडे येऊ. पहिल्या वर्षाचे ४३,००० आणि दुसऱ्या वर्षाचे १७,००० हे ५२९ मधून निघतात. म्हणजे फ्लॅटच्या पैशाची गरज २०२७ च्या शेवटी लागते. ऑगस्टच्या आत घाईने विकलात तर खरेदीदार भाव पाडणार आणि टीडीएसमध्येही अडकाल. एनआरआयकडून घर घेताना टीडीएस नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापला जातो. सव्वा कोटीवर १४.९५ टक्के म्हणजे १८ लाख ६९ हजार. तुमचा खरा कर मात्र ९३ लाखांच्या नफ्यावर १२.५ टक्के, १० टक्के अधिभार आणि सेस मिळून सुमारे १३ लाख ३० हजार. उरलेले सुमारे ५ लाख ४० हजार रिटर्न भरून परत येईपर्यंत अडकतात. आयकर खात्याकडून कमी टीडीएसचं प्रमाणपत्र आधी काढा, त्याला काही आठवडे लागतात, आणि साठेखतात तशी अट घाला.

अमेरिकेत नफा डॉलरमध्ये मोजतात. २००५ ला डॉलर ४४ च्या आसपास होता, म्हणजे खरेदी ७२,७००. विक्रीच्या वेळी ८८ धरला तर विक्री १,४२,०००. भाड्याच्या सहा वर्षांचा घसारा तुम्ही रिटर्नमध्ये घेतला नसेल तरी घेतला असं धरूनच नफा काढतात, तो ८०,००० च्या जवळ जाईल. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट फेडरलमध्ये मिळतं, न्यू जर्सी मात्र परदेशी कराचं क्रेडिट देत नाही. तिथे पाच हजार डॉलरच्या आसपास जातील. दलाली वगैरे वजा जाता हातात १,१८,००० धरा. पैसे एनआरओ खात्यातून (एनआरआयचं भारतातलं रुपयांचं खातं) सीएच्या प्रमाणपत्रावर बाहेर नेता येतात, वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा तुम्हाला आडवी येत नाही.

५२९ चे ६०,००० आणि हे १,१८,००० मिळून १,७८,०००. गरज १,७२,०००. फी दर वर्षी वाढते, तेव्हा हे काठावरचं आहे. पुष्कळ डीओ कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं, तिसऱ्या वर्षी विद्यार्थी दुसऱ्या गावी, कधी दुसऱ्या राज्यात पाठवले जातात. दोन ठिकाणची भाडी, डिपॉझिट, चौथ्या वर्षीची महिना-महिन्याची ऑडिशन रोटेशन (जिथे रेसिडेन्सी हवी त्या हॉस्पिटलांत जाऊन काम दाखवणं), आणि प्रत्येकी ७०० डॉलरच्या आसपासच्या परीक्षा. रोटेशनची हॉस्पिटलं करारबद्ध आहेत की विद्यार्थ्याने शोधायची, फॅमिली मेडिसिनचे आठवडे किती, कॉमलेक्स लेव्हल १ पहिल्या प्रयत्नात किती टक्के पास होतात, हे कॉलेजला डिपॉझिट भरण्याआधी विचारा. हा खर्च तुमच्या भाड्यातून भागवा: वर्षाचे ३ लाख ३६ हजार रुपये, फ्लॅट जाईपर्यंत, एका वेगळ्या खात्यात साठवायचे. ४०१(के) मधला, म्हणजे निवृत्तीच्या बचतीचा, हप्ता मात्र थांबवू नका आणि घरावर नवं कर्ज काढू नका.

ज्या वाचकांची मुलं नागरिक नाहीत त्यांच्यासाठी: ग्रीन कार्डवर फेडरल कर्ज आणि प्रायमरी केअर लोन मिळू शकतं, नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरच्या योजना मिळत नाहीत. एच-४ वर (नोकरीच्या एच-१बी व्हिसावरच्या माणसाच्या कुटुंबाचा व्हिसा) यातलं काहीच नाही, तिथे फ्लॅटचा हिशेब पूर्ण वेगळा मांडावा लागेल.

तुमच्या बाबतीत या महिन्यात करायची कामं दोनच. मुलीकडून फाफसा (फेडरल कर्जासाठीचा अर्ज) भरून घ्या आणि पुण्यातल्या सीएला खरेदीखत, भाडेकरार आणि सहा वर्षांची रिटर्न पाठवून प्रमाणपत्राची तयारी सुरू करा. विक्रीची बोलणी २०२७ च्या उन्हाळ्यात.